कोकण रेल्वेचे मोल

कोकणात रेल्वे हवी, याविषयी आपल्यात दुमत नव्हते; वाद होता तो पैशाचा. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी १९५७ पासून व प्रा. मधु दंडवते यांनी १९७१ पासून संसदेत ही मागणी लावून धरली. १९९० साली तोड निघाली : स्वतंत्र महामंडळ. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोव्याचा व केरळचा प्रत्येकी ६. बाकी बहुतेक पैसा कर्जरोख्यांचा. १९९८ साली मार्ग पुरा झाला. पण भाड्यासाठी अंतर प्रत्यक्षाहून ४० टक्के अधिक धरले गेले. इतरत्र रूळ पडले ते देशाच्या तिजोरीतून. येथे प्रवाशाच्या खिशालाही हात लागला. उपेक्षित प्रदेशानेच अधिक मोल का द्यावे, असे आम्ही विचारतो.