डिग्री सोडायची ऐपत

सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला ज्यांचं नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांची स्वतःची डिग्री अर्धवटच राहिली होती. जन्म १८८२चा, सोलापुरातल्याच जैन व्यापारी घरातला. मॅट्रिकनंतर मुंबईचं सेंट झेवियर्स, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज, आणि पदवीआधीच परत. घरच्या धंद्यात मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घेतली. फाटक रेल्वेतले माजी कारकून, त्यांना कामाची माहिती. वालचंदांच्या मागे घराण्याची बाजारातली पत. पुढे जहाजं, विमानं, मोटारी झाल्या. ही गोष्ट आपल्याला जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच, पण कॉलेज सुटलं तरी ज्याच्या घरची चूल अडत नाही, असा मुलगाही मला त्यात दिसतो.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली. वालचंदांच्या नावाचं कॉलेजही त्याच वर्षीचं. मग नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली. माझे आजोबा तिथे कामाला होते. बाबा पुणे रोडवरच्या चिंचोळी एमआयडीसीत लागले, तेही कंत्राटावर. म्हणजे इंजिनिअरिंग शहरात आलं, आणि आमच्यासारख्या घरांतला कायम पगार गेला.

फीचं कसंतरी जमतं. ईबीसी सवलत असते, कर्ज मिळतं, आईच्या पाटल्या असतात. जमत नाही ते वर्ष वाया घालवणं. कॅम्पसला आलेल्या बहुतेक कंपन्यांना बॅकलॉग चालायचा नाही, गॅप चालायचा नाही. डॉक्टरांच्या मुलाचा वायडी लागला की तो पुण्यात क्लास लावायचा. शिवाय कुठला विषय सोडायचा, कुणाला विचारायचं, हे त्याला जेवणाच्या टेबलावरच कळलेलं असायचं. फ्रान्समध्ये बूर्दिय आणि पासरों या समाजशास्त्रज्ञांनी १९६४ साली विद्यापीठातल्या मुलांवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'वारसदार'. वारसा फक्त पैशाचा नसतो, असं ते म्हणत होते.

माझ्या चुलतभावाला सेकंड इयरला वायडी लागला. गणितात माझ्यापेक्षा हुशार, पण एम-थ्रीत अडकला. काका रागावले नाहीत. "घरात बसून काय करतो, तोवर कंपनीत ये," एवढंच म्हणाले.

त्याला आता आठ वर्षं झाली. मशीन बिघडलं की सुपरवायझर आधी त्यालाच हाक मारतो. पगार हेल्परचा आहे.