खयानत आणि बारा नंबरची बराक

आमच्या नागभीडकडे धानासाठी पीककर्ज काढायचं तर सातबारा द्यावा लागतो. पाऊस दगा देतो, कर्ज थकतं, पण शेतकरी जाणार कुठे? नोटीस घरीच येते. म्हणून वर्गात विजय मल्ल्यांचा विषय निघाला तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, विलायतेत जाऊन बसलेल्या माणसाला आणता येत नाही का?"

येतं. एकाला आणलंही होतं.

जयंती धर्मा तेजा यांनी 1961 मध्ये जयंती शिपिंग कंपनी काढली. पंडित नेहरूंपर्यंत त्यांची ओळख होती. जहाजं घ्यायला सरकारी निधीतून सुमारे 20 कोटींचं कर्ज मिळालं. पुढे पैसा परदेशात वळवल्याचे आरोप झाले आणि 1966 मध्ये सरकारने कंपनीचा कारभार ताब्यात घेतला. तेजा तोवर देशाबाहेर होते. कोस्टारिकाने त्यांना आसरा दिला. 1970 मध्ये लंडनच्या विमानतळावर ते पकडले गेले, तेव्हा त्यांच्याकडे त्या देशाचा राजनैतिक पासपोर्ट होता. त्या जोरावर त्यांनी कोर्टात संरक्षण मागितलं. पण ब्रिटनने त्यांना कोणाचा प्रतिनिधी म्हणून मान्यताच दिली नव्हती, त्यामुळे कोर्टाने ते नाकारलं. 1971 मध्ये त्यांना भारतात आणलं आणि 1972 मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली.

मल्ल्या तर स्वतःच खासदार. 2002 आणि 2010 मध्ये ते कर्नाटकातून राज्यसभेवर गेले. मुंबईतल्या आयडीबीआय बँकेने 2009 मध्ये त्यांच्या विमान कंपनीला दिलेल्या सुमारे 900 कोटींच्या कर्जावरून फसवणुकीचा खटला आहे. मार्च 2016 मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा खासदारकी शाबूत होती. आरोप ते नाकारतात. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा सुनावली, ती न्यायालयाच्या अवमानाबद्दल. कर्जाचा खटला तसाच पडून आहे.

लंडनच्या कोर्टात त्यांच्या वकिलांचा एक मुद्दा होता मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाचा. तिथे उजेड नाही, हवा नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशांनी व्हिडिओ मागवला आणि भारताने बारा नंबरच्या बराकीचं चित्रीकरण करून पाठवलं. डिसेंबर 2018 मध्ये कोर्टाने प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल 2020 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानेही अपील फेटाळलं. तरी ते परतलेले नाहीत.

त्याच आर्थर रोडची क्षमता आठशेच्या आसपास. आत त्याच्या कितीतरी पट माणसं असतात, बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. त्यांत आपल्या वस्त्यांतली पोरंही आहेत. त्यांच्या बराकीत उजेड येतो का, हे कोणत्या न्यायाधीशाने व्हिडिओ मागवून पाहिलं? मल्ल्यांना हवा-उजेड मिळू नये, असं मी म्हणत नाही. तो हक सगळ्यांचा आहे.

"पण सर, पैसे तर वसूल झाले ना?" दुसऱ्याने विचारलं. खरं आहे. जप्त मालमत्तेतून बँकांना 14,000 कोटींहून अधिक परत मिळाल्याचं अर्थमंत्र्यांनी डिसेंबर 2024 मध्ये संसदेत सांगितलं. पण खयानत झाली की नाही, हा सवाल वसुलीने मिटत नाही. तो खटल्यातच सुटायचा.

मखजूम या बड्या घराण्यातल्या एका बाईने चोरी केली, तेव्हा कुरैश लोकांनी उसामा बिन जैद यांच्यामार्फत रदबदली केली. पैगंबर मुहम्मद (स.) यांना राग आला. थोरांना सोडायचं आणि दुबळ्यांना धरायचं, याच चालीने आधीच्या कौमा बुडाल्या, असं त्यांनी बजावलं. ही हदीस मुलांना पाठ आहे. त्या दिवशी मी फळ्यावर तिच्याखाली दोन नावं लिहिली : नागभीडची सोसायटी आणि आर्थर रोड.