देवगडचा गड आणि सौंसरची वाट

क्योतो नगरीत इ. स. ७९४ पासून जपानचे सम्राट नांदले, आणि १८६९ साली ते तोक्योस गेले. राजधानी गेली, पण देवळे आणि राजवाडे राहिले. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासूने बांधविलेल्या निजो किल्ल्यात पावलाखाली पाखरासारखी चिवचिवणारी लाकडी जमीन प्रवाशांस आजही दाखविली जाते. राजा निघून गेल्यावर मागे उरलेल्या नगराचे काय होते, या प्रश्नाचे दुसरे, अगदी निराळे उत्तर सौंसर-पांढुर्ण्याच्या शेजारच्या डोंगरावर पडलेले आहे. त्याचे नाव देवगड.

कोकण-गोमंतकातील वाचकांस देवगड म्हणताच समुद्र आणि आंबा आठवेल. हा देवगड तो नव्हे. हा सातपुड्यातला, गोंड राजांचा, आज छिंदवाडा जिल्ह्यात मोडणारा.

नागपुराहून निघालेला प्रवासी प्रथम सौंसरजवळच्या जामसावळीस थांबतो. येथील मारुती उभा नाही, निजलेला आहे. शनिवारी-मंगळवारी विदर्भातून इतकी माणसे लोटतात की, राज्याची सीमा मध्ये कोठे लागली हे कोणास आठवतही नाही. बहुतेक यात्रेकरू येथूनच परततात. पुढे देवगडापर्यंत जाणारे थोडे.

त्या गडाचा मोठा राजा जाटबा. तो शेंगेच्या वेलाखाली जन्मला आणि नागाने त्याच्यावर फणा धरला, असे लोककथा सांगते. दरबारी लेखणी अधिक रोखठोक आहे: अबुल फजलच्या ‘आइने अकबरी’त त्याच्यापाशी २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती असल्याची नोंद आहे. आकडे फुगविलेले असतील. परंतु मोगलांस त्याची दखल घ्यावी लागली, एवढे खरे. गडावर नगारखाना, बादल महाल आणि मोतीटाके यांचे अवशेष आहेत. पायथ्याच्या गावाविषयी ‘आठशे विहिरी, नऊशे बावड्या’ असा लौकिक सांगतात. तो अक्षरशः घेऊ नये. तथापि गेल्या काही वर्षांत गाळ उपसून मोकळ्या केलेल्या बावड्या पाहिल्या, म्हणजे येथे केवळ किल्ला नव्हे, नांदते शहर होते याविषयी शंका राहत नाही.

मग ते शहर गेले कोठे? ते नागपुरास गेले. जाटबाचा वंशज बख्त बुलंद गादीच्या भांडणात औरंगजेबाकडे गेला, मुसलमान झाला आणि राज्य मिळवून परतला. पुढे त्याच बादशहाशी बिघडला, तेव्हा बादशहाने ‘बुलंद’ काढून त्याचे नाव ‘निगूनबख्त’, म्हणजे उलट्या नशिबाचा, असे ठेवविले. (बादशहास शब्दांची ही कोटी सुचली, त्याचे राज्य मात्र त्यास हिरावता आले नाही.) याच राजाने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या लहान लहान वस्त्या एकत्र करून नागपूर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानीच तेथे हलविली. १७३९ मध्ये तो वारला, वारसांत कलह माजला, राणी रतनकुंवरने रघूजी भोसल्यास साह्यास बोलाविले, आणि साह्यास आलेले भोसले धनी होऊन राहिले.

क्योतोचे देवालय जळाले तर पुन्हा उभे राहते. सुवर्णमंडप १९५० मध्ये जळाला आणि १९५५ मध्ये पुन्हा बांधून झाला. कारण तेथे मठ आणि नगरवासी मागे उरले होते. देवगडचे नगर दरबारावर जगत होते, असे आम्हास वाटते. शिपाई, कारागीर, सावकार राजामागोमाग खाली मैदानात उतरले, आणि विहिरी तेवढ्या उरल्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून नागपूर वसविणाऱ्याचा गड एका राज्यात आणि त्याने वसविलेले शहर दुसऱ्या. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर यांचा वेगळा जिल्हा झाला. तेथील घरांत मराठी बोलली जाते आणि मोठ्या बाजारासाठी, दवाखान्यासाठी माणसे नागपूरचीच वाट धरतात, तीनशे वर्षांपूर्वी देवगडचे शिपाई आणि कारागीर उतरले त्याच दिशेने.