अडकलेला खांदा आणि सुईणींची युक्ती

बाळाचे डोके बाहेर आले की बाळंतपण झालेच, असे आपल्याला वाटते. पण काही वेळा बाळाचा खांदा आईच्या ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे अडकतो. हाताशी काही मिनिटेच असतात. घाईने डोके जोरात ओढले, तर बाळाच्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना इजा होऊन हात लुळा पडू शकतो. आईलाही मोठी जखम होऊ शकते.

यावरचा एक उपाय आपल्याला सुईणींनी दिला आहे. १९७६ मध्ये अमेरिकन सुईण आयना मे गॅस्किन ग्वाटेमालात गेल्या. तिथल्या सुईणींची रीत त्यांना समजली: खांदा अडकला की आईला उताणे न ठेवता हात आणि गुडघे टेकून ओणवे करायचे. मुलांसाठी आपण 'घोडा' होतो, अगदी तसे. त्यामुळे कमरेमागच्या हाडावरचा दाब हटतो, वाट थोडी रुंदावते आणि खांदा सुटू शकतो.

१९९८ मध्ये अशा ८२ प्रसूतींची माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांपैकी ६८ जणींना दुसरा कोणताही उपाय करावा लागला नाही. पद्धतीला नाव गॅस्किन यांचे मिळाले. ज्ञान मात्र ग्वाटेमालातल्या सुईणींचे.

याचा अर्थ घरीच बाळंतपण करा, असा नाही. मधुमेह असेल किंवा आधीच्या खेपेला खांदा अडकला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. आणि प्रसूतीच्या वेळी सुईण, नर्स किंवा डॉक्टर "ओणव्या व्हा" म्हणाल्या, तर घाबरू नका. लगेच वळा.