शंभर मीटरच्या आतलं घर

आजचा विषय वरवर पाहता नगररचनेचा आणि कायद्याचा आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने त्यात का पडावं, असं कुणी विचारेल. पण या कायद्याच्या पोटात एक प्रश्न असा आहे की तो आमच्याच खात्यातला म्हणावा लागेल. घराची दुरुस्ती कुठे संपते आणि नवं घर कुठे सुरू होतं? शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्या कुटुंबांना मात्र तो दर पावसाळ्यात छपरातून टपटपणारा प्रश्न आहे.

आधी थोडा इतिहास. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, पहिल्या बाजीरावांच्या काळातली. १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. पेशव्यांचा मुक्काम आला, त्यामागे कारकून, सावकार, भिक्षुक, सुतार, गवंडी आले आणि पेठा भरत गेल्या. कसबा तर वाड्याच्याही आधीचा. त्या काळी घरांवर कुणाचीच नजर नव्हती असं समजू नका. रस्ते, गल्ल्या आणि घरं यांचे तंटे कोतवालाकडे जात आणि घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद तिथे होई. म्हणजे घराच्या बाबतीत सरकारला विचारावं लागणं, हे काही इंग्रजांनी आणलेलं नाही.

१८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली. लाकूडकाम गेलं. राहिले तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. १९१९ मध्ये तो संरक्षित स्मारक झाला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या: संरक्षण मिळालं ते अवशेषाला. त्याच काळाच्या, त्याच सुतारकामाच्या परंपरेतल्या ज्या घरांत माणसं राहत होती, त्यांना कुणी स्मारक म्हटलं नाही. ती ‘आजूबाजूची घरं’ झाली.

आता कायद्याकडे येऊ. कर्झनच्या काळातला १९०४ चा कायदा, मग स्वतंत्र भारताचा १९५८ चा. या दोन्हींत लक्ष मुख्यतः स्मारकावर होतं. परिसराचा नेम धरला तो १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने: स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र. पुढे पुरातत्त्व खात्याने एक सल्लागार समिती नेमली आणि तिच्या शिफारशीवर प्रतिबंधित पट्ट्यातही काही परवानग्या दिल्या गेल्या. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की असा अधिकारच कायद्यात नाही. मग २०१० मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. त्यात गंमत अशी की आधी दिलेल्या परवानग्या वैध ठरवल्या आणि पुढच्यांना दार बंद केलं. ज्याचा अर्ज आधी मार्गी लागला तो सुटला, शेजारचा राहिला.

या दुरुस्तीने राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण आणलं आणि अर्जाची वाट आखून दिली. घरमालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्याने पंधरा दिवसांत तो प्राधिकरणाकडे पाठवायचा. प्राधिकरणाने दोन महिन्यांत स्मारकावरचा परिणाम कळवायचा, आणि मग महिनाभरात सक्षम प्राधिकाऱ्याने हो किंवा नाही सांगायचं. शिवाय महापालिकेची बांधकाम परवानगी वेगळीच. विनापरवाना काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर ही वाट काही फार लांब नाही, एवढं मान्य करायला हवं.

अडचण वाटेत नाही, शब्दात आहे. विनियमित क्षेत्रात नवं बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती, सगळ्यासाठी अर्ज करता येतो. पण पहिल्या शंभर मीटरमध्ये अर्ज करता येतो तो फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी, तेही घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेलं असेल तर. आणि दुरुस्तीची व्याख्या करताना कायदा स्पष्ट म्हणतो की तिच्यात पुनर्बांधणी येत नाही. पुनर्बांधणी म्हणजे काय? होतं तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीचं पुन्हा उभं करणं. एक मजला जास्त चढवायचा लोभ नाही, इंचभर पुढे सरकायचं नाही, जसं होतं तसं बांधायचं, तरी शंभर मीटरच्या आत ते बसत नाही.

बौद्ध परंपरेत मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद आहे. रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा मुलांना शब्दांचा खेळ वाटायचा. आता पेठेतल्या वाड्याकडे पाहा. एका साली खांब कुजला, बदलला. पुढे तुळई बदलली. मग किलचण, मग कौलं, मग पांढऱ्या मातीची एक भिंत. तीस वर्षांत सगळा वाडा नवा झाला, पण प्रत्येक वेळी ती दुरुस्तीच होती. आणि शेजारचा वाडा एकाच पावसात बसला. तो तसाच, तेवढाच उभारायचा म्हटलं तर ती पुनर्बांधणी. नागसेनाला या दोन घरांत फरक दिसला नसता. कायद्याला दिसतो. त्याचा परिणाम असा की ज्याच्याकडे दरसाल थोडे पैसे टाकायला होते त्याचं घर टिकतं, आणि ज्याच्याकडे नव्हते त्याची रिकामी जागा होते.

पैसे का नव्हते, हेही पाहायला हवं. मालक आळशी म्हणून वाडे पडले हे म्हणणं मला पटत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. तेव्हा भाडेकरूला त्या संरक्षणाची गरज होती, यात शंका नाही. पण दोन खोल्यांच्या भाड्यात कौलं शाकारून घेणंही परवडेना. त्यात १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतली मातीची घरं खचवली. पुढे वाटण्या झाल्या, एका चौकाला दहा वारस झाले. अशा घराला महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून नोटीस देते, तसा अधिकार तिला आहे. म्हणजे एक कायदा म्हणतो पाडा, दुसरा म्हणतो पाडलंत तर पुन्हा बांधू नका. मधे भाडेकरू बसलेला असतो. घर सोडलं तर हक्क जाईल या भीतीने तो टेकू लावलेल्या तुळईखाली झोपतो. हट्टी म्हणून त्याची चेष्टा करू नये.

जुन्या वस्तीसाठी दुसऱ्या तऱ्हेनेही नियम करता येतात. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये एक ऐतिहासिक विभाग आखला. तिथे हद्द आखली ती राहत्या घरांच्या वस्तीभोवती, आणि घराचं बाहेरचं रूप बदलायचं तर एका मंडळाची संमती लागायची. त्या व्यवस्थेलाही दोष होते, श्रीमंतांची आवड गरिबांवर लादली जाणं हा मोठा. पण मंडळ घराकडे पाहून बोलत होतं. आपल्याकडे टेप धरली जाते. पंच्याण्णव मीटरवरचा सागवानी वाडा आणि पंच्याण्णव मीटरवरची साठच्या दशकातली चाळ या कायद्याला सारखीच. दोन्ही जुनी म्हणून नव्हे, जवळ म्हणून अडकलेली. आणि वाड्यासमोरचा आजचा लाल महाल पाहा, तो महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेला आहे. गेलेली वास्तू पुन्हा उभारण्याला आपला तात्त्विक विरोध नाही, हे त्यावरून दिसतं.

म्हणून अंतराचा नियमच काढून टाका, असं मी म्हणणार नाही. तो नसता तर वाड्याच्या तटाला खेटून काचेचे टॉवर उभे राहिले असते. २०१८ च्या जानेवारीत लोकसभेने प्रतिबंधित क्षेत्रात केंद्राच्या सार्वजनिक कामांना वाट देणारं विधेयक मंजूर केलं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं. पुलाला, रस्त्याला अपवाद सुचतो. पडलेलं घर होतं तेवढंच बांधायला मात्र सुचत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

सध्याच्या कायद्यातही एक खिडकी आहे. प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी करायचे, त्यात परिसरातली उंची, दर्शनी भाग, वापर यांचा विचार करायचा, असं त्यात म्हटलं आहे. मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवल्या जातात. पुनर्बांधणीवरची बंदी उपविधीने उठणार नाही, त्याला संसदच लागेल. पण दुरुस्ती म्हणजे काय काय, हे तिथे मांडून घेता येतं. कुजलेला खांब बदलणं, मातीची भिंत उतरवून विटांची करणं, कौलांखाली पत्रा घालणं, ही यादी सुतार-गवंड्यांना विचारून रहिवाशांनीच द्यायला हवी.

आणि प्रश्नोत्तरांत कुणी विचारेलच, म्हणून आत्ताच सांगतो. शंभर मीटरच्या आत राहत असाल तर घरपट्टीच्या १९९२ च्या आधीच्या पावत्या, सिटी सर्व्हेचा उतारा आणि आत-बाहेरचे जुने फोटो एका फायलीत लावून ठेवा. घर तेव्हा होतं आणि केवढं होतं, हे दाखवायची वेळ अर्जदारावरच येते.