पिकअप घ्यावी की थार? बोरी अरबच्या काळ्या मातीत या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, अडाण नदीकाठी बोरी अरब आहे. आजूबाजूला काळी माती आणि कापूस, सोयाबीन, तूर ही नेहमीची पिकं. सोयाबीन विकून हातात थोडा पैसा आला, कापूस अजून वेचणीत आहे, अशा दिवसांत या भागातल्या घरांत गाडीचा विषय हमखास निघतो. वडीलधाऱ्यांना पिकअप हवी असते. आपला माल आपल्या गाडीत बाजार समितीत नेता येतो, उरलेल्या दिवसांत भाडं मारता येतं. पोरांच्या मोबाइलवर मात्र थार चिखल उडवत टेकडी चढत असते, आणि तिच्या बाजूचा युक्तिवाद वरवर बिनतोड असतो: आपल्या वावरात जायला रस्ता कुठे आहे? मग फोर-बाय-फोरच पाहिजे ना!

एकेकाळी हा वाद होण्याचं कारणच नव्हतं. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढची अनेक वर्षं गावात चार चाकं म्हणजे जीप, एवढंच समीकरण होतं. त्याच जीपमध्ये माणसं बसायची, मागे पोती पडायची, आणि तिचीच लांब भावंडं काळी-पिवळी होऊन विदर्भाच्या रस्त्यांवर सवारी वाहायची. पुढे या घराण्याच्या दोन शाखा झाल्या. एक बोलेरो पिकअपसारखी मालाची गाडी झाली, दुसरी २०१० मध्ये आलेली थार. नवी थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली तेव्हा ती बरीचशी शहरी हौसेची गाडी झाली होती. आज या दोन गाड्यांची यंत्ररचना, कर, विमा आणि नंबर प्लेटचा रंगही वेगळा आहे.

चिखलात नेमकं काय होतं?

आधी मातीचं बघू, कारण खरी मेख तिथेच आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात हीच माती चाकाला लिंपून बसते. टायरच्या नक्षीतल्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत टायरला दोन चाकांची ताकद द्या नाहीतर चार चाकांची, तो घसरतोच.

थार, फोर्स गुरखा आणि मारुती जिम्नी या गाड्यांचा फायदा कशात आहे? इंजिनची ताकद चारही चाकांना जाते, आणि ‘फोर-लो’ नावाचा जादा गिअर असतो, ज्यात गाडी अगदी सावकाश पण जोरात ओढते. पोट जमिनीपासून उंच असतं: थारचं २२६ मिलीमीटर, जिम्नीचं २१०. गुरखाला पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला डिफरन्शियल लॉक मिळतो. साध्या गाडीचं एक चाक चिखलात फिरायला लागलं की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते आणि दुसरं चाक नुसतं उभं राहतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात.

साधी पिकअप याच्या उलट. ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि मागे माल पेलण्यासाठी जाड पाटे. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे इंजिनवर असतं आणि ढकलायचं काम मागच्या हलक्या चाकांनी करायचं असतं. म्हणूनच ती ओल्या पांदणीत जागच्या जागी फिरते. हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलवर चार-पाच कट्टे टाकले की तीच गाडी निघते, हे प्रत्येक पिकअपवाल्याला ठाऊक असतं. अर्थात चिखल खोल असेल तर तेच वजन तिला आणखी रुतवतं.

एवढं वाचून फोर-बाय-फोरच्या बाजूने कौल द्यावासा वाटेल. पण जुलै-ऑगस्टची झड लागलेली असताना काळ्या मातीच्या वावरात शहाणा माणूस थारही घालत नाही. तिथे उंच दात्यांच्या टायरचा ट्रॅक्टर किंवा बैलबंडीच जाते. फोर-बाय-फोरचा खरा उपयोग उरतो तो मधल्या काळात: पाऊस उघडून दोन दिवस झालेत, पांदण वरून सुकली आहे पण चाकोरीत पाणी आहे, अशा वेळी. वर्षातले असे दिवस मोजून बघावेत. बहुतेक शेतकऱ्यांच्या बाबतीत ते काही आठवड्यांच्या पुढे जात नाहीत.

शिवाय पांदण कायम तशीच राहील असंही नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये रोजगार हमीशी जोडून मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. ज्यांच्या पांदणीचं खडीकरण झालंय, त्यांच्यासाठी फोर-बाय-फोरचा अर्धा युक्तिवाद तिथेच संपतो. ज्यांचं झालेलं नाही, त्यांनी गाडीचं बुकिंग करण्याआधी ग्रामपंचायतीत एक चक्कर मारावी. रस्त्याचा प्रस्ताव कुठवर आलाय ते कळलं तर काही लाख वाचू शकतात.

रपट्यावरचं पाणी

एक गैरसमज मात्र जिवावर बेतणारा आहे. थारच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ती ६५० मिलीमीटर, म्हणजे साधारण दोन फूट पाण्यातून जाऊ शकते. हा आकडा खरा आहे, पण तो साचलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या पाण्याचा हिशोब वेगळा असतो. फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलू शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. गाडी तरंगायला लागली की चाकं जमिनीला टेकतच नाहीत, मग चारही चाकं फिरून उपयोग काय? सप्टेंबर २०२१ मध्ये याच जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची बस पुलावरच्या पाण्यातून नेताना वाहून गेली आणि त्यात माणसं दगावली. कुठल्याही थारपेक्षा ती बस कितीतरी जड होती. अडाणला पूर असताना रपट्यावर घालण्यासाठी कुठलीच गाडी बनलेली नाही.

हौद्याचं गणित

आता वजनाकडे येऊ. बोलेरो पिकअप वेगवेगळ्या क्षमतेत मिळते, साधारण सव्वा टनापासून पावणेदोन टनांपर्यंत. २०२३ मध्ये आलेल्या बोलेरो मॅक्स मालिकेत दोन टनांपर्यंतचीही आहे. १.३ टनाची गाडी धरली तर एका खेपेत तेरा क्विंटल सोयाबीन जातं, किंवा ४५ किलोच्या युरियाच्या अठ्ठावीस बॅगा. कापसाचं गणित निराळं आहे. कापूस वजनाला हलका आणि आकाराने मोठा, त्यामुळे गाडी वजनाआधी उंचीने भरते. तिथे क्षमतेचे कागदावरचे आकडे कमी आणि हौद्याची लांबी-रुंदी जास्त बघावी लागते. स्प्रिंकलरचे वीस फुटी पाइप, कुटार, ढेपेची पोती, फवारणीचा ड्रम, आजारी बकरी, यातलं काय थारमध्ये जाईल याचा विचार केला तरी पुरे. तीन दारांच्या थारमध्ये माणसंच चार बसतात, आणि ती बसल्यावर मागे दोन पिशव्यांची जागा उरते.

खर्चातही हाच फरक दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दीड लिटरपेक्षा मोठ्या डिझेल इंजिनच्या आणि बाराशे सीसीपेक्षा मोठ्या पेट्रोल इंजिनच्या खासगी गाड्या मात्र ४० टक्क्यांच्या गटात गेल्या. फोर-बाय-फोर थार, गुरखा आणि जिम्नी तिन्ही त्यातच येतात. दीड लिटर डिझेलची स्वस्त थार १८ टक्क्यांत बसते खरी, पण ती दोन चाकांवर चालणारी आहे. ‘थार घेतली’ म्हणून आनंदाने चिखलात गेलेल्या काहींना हे उशिरा कळतं.

पुढचा खर्च उलट दिशेने जातो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार दीड लिटरच्या वरच्या खासगी कारचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७,८९७ रुपये आहे, तर साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा १६,०४९ रुपये. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. खासगी गाडीला पंधरा वर्षं ती कटकट नाही. उलट पांढऱ्या नंबर प्लेटवर भाड्याने माल वाहता येत नाही. म्हणजे पिकअपचा वाढीव खर्च भाड्यातून निघायला हवा. जो माणूस भाडं मारणारच नाही आणि ज्याच्याकडे आधीच ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, त्याने पिकअपचाही पुन्हा विचार करावा.

परवान्याची भीती मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही. साध्या कारच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं. तीन टनांपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. काही पिकअपचं एकूण वजन तीन टनांच्या जराच खाली ठेवलेलं असतं, त्यामागे हेच कारण आहे.

हौद्यात माणसं बसली तर?

पिकअपच्या बाजूने बोलणारे सहसा एक गोष्ट बोलत नाहीत. वेचणीच्या दिवसांत सकाळी हौद्यात बायका उभ्या आहेत, हे दृश्य विदर्भात नवीन नाही. लग्नाचं वऱ्हाडही असंच जातं. पण मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात माणसांपैकी मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी एवढ्यांचाच समावेश होतो. तसा बदल १९९४ मध्ये कायद्यात झाला. मालगाडीतून फुकट किंवा पैसे देऊन जाणाऱ्या इतर माणसांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सांगितलं. काही खटल्यांत न्यायालय कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं, पण ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल होते. एका अपघातात पाच-सहा मजूर जखमी झाले तर गाडीबरोबर वावरही विकायची वेळ येऊ शकते, आणि मजुरांच्या घरच्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात ते वेगळंच.

सुरक्षिततेतही फरक आहे. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले, नंतरच्या पाच दारांच्या थार रॉक्सला भारत एनकॅपमध्ये पाच. मालवाहू पिकअप भारत एनकॅपच्या कक्षेतच येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या ताऱ्यांबद्दल शोरूममध्ये विचारूनही उत्तर मिळणार नाही.

ज्यांना माल आणि माणसं दोन्ही न्यायची आहेत त्यांच्यासाठी मधला मार्ग म्हणजे दोन ओळींच्या केबिनची बोलेरो कॅम्पर. पुढे चालकासह पाच माणसं बसतात, मागे आखूड हौदा असतो आणि तिच्यात फोर-बाय-फोरचाही पर्याय आहे. दिसायला ती थारच्या जवळपासही जात नाही आणि रील्समध्ये कुणी तिला घेत नाही, पण बोरी अरबसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंचे बरेचसे मुद्दे तिच्यात बसतात. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या दणकट पिकअप ताकदीला उत्तम आहेत, पण लांबी सव्वापाच मीटरच्या पुढे. दोन्ही बाजूंनी बाभळी असलेल्या पांदणीत ती वळवायची कुठे? आत गेलेली गाडी उलटीच बाहेर काढावी लागते. किंमतही शेतमालाच्या हिशोबात बसणारी नाही.

थार, गुरखा किंवा जिम्नी या भागात कुणाला शोभते? ज्याला माल न्यायचा नाही, पण वेळीअवेळी आडवाटेला जायचं आहे अशा माणसाला: जनावरांचे डॉक्टर, वनखात्यासाठी काम करणारे, किंवा टिपेश्वरच्या बाजूला पर्यटनाचा धंदा असलेले. जंगल सफारीत वर्षानुवर्षं मारुती जिप्सी का टिकली, तर ती हलकी होती आणि रुतली तरी चार माणसं तिला ढकलून काढायची. जिम्नीही बाराशे किलोच्या आसपासच आहे.

जुनी फोर-बाय-फोर कॅम्पर किंवा थार घ्यायची ठरली तर ती डांबरी रस्त्यावर चालवून बघण्यात अर्थ नाही. गाडी ओल्या मातीत न्यावी, फोर-लो टाकून पाच मिनिटं सावकाश चालवावी आणि पुढची चाकं खरंच ओढतात का, हे दुसऱ्या माणसाने बाहेर उभं राहून बघावं. वर्षानुवर्षं न वापरल्याने फोर-बाय-फोरचा लिव्हर जाम झालेल्या गाड्या बाजारात असतात. विकणारा ‘गरजच पडली नाही’ म्हणतो, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.