शिसवी गिटार आणि आजोबांचा पलंग

गेल्या महिन्यात एका शनिवारी डेक्कनवरच्या वाद्यांच्या दुकानात गेलो होतो. तारांचा एक सेट घ्यायचा होता, बस्स. सातशे रुपयांचं काम. बाहेर पडलो तेव्हा पिशवीत तारा होत्या आणि डोक्यात पंच्याऐंशी हजारांची गिटार!

झालं असं, की दुकानातल्या काकांनी भिंतीवरची एक गिटार काढून हातात दिली. "वाजवून तर बघा, पैसे नाही पडत." वर स्प्रूसची फळी, पाठ आणि बाजू रोझवुडच्या. एक जी कॉर्ड छेडली आणि खालचा सूर असा काही घुमला की मी आणखी अर्धा तास हललोच नाही. काका म्हणाले, "जुनी आणा, एक्स्चेंजमध्ये घेतो." बोनस नुकताच जमा झालेला. म्हणजे कट पूर्ण शिजलेला होता.

आता माझी जुनी गिटार काही टाकाऊ नाही. पहिल्या नोकरीच्या चौथ्या पगारातून घेतलेली, सॉलिड स्प्रूसची वरची फळी, मागे महोगनी. 2020 च्या मार्चमध्ये वाकडच्या फ्लॅटमधले दोन्ही रूममेट आपापल्या गावी निघून गेले आणि मी एकटा अडकलो, तेव्हा पुढचे तीन महिने रात्री माझ्याशी बोलणारी तीच होती. एफ कॉर्ड मला त्या एप्रिलमध्ये जमली. पण पावसाळे खाऊन खाऊन तिच्या तारा आता फ्रेटबोर्डपासून चांगल्याच वर उचलल्या गेल्यात, बोटं दुखतात. बदलावी की नाही?

इंजिनिअर माणूस असा प्रश्न पडला की आधी डॉक्युमेंटेशन वाचतो. मीही वाचत बसलो आणि दोन वीकेंड त्यातच गेले. जे सापडलं ते इतकं मजेशीर आहे की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज आपण जिला साधी 'अकूस्टिक' म्हणतो ती गिटार घडवण्यात ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन या जर्मन कारागिराचा मोठा वाटा आहे. जन्म 1796, गाव मार्कनॉयकिर्शन. घराणं सुतारांच्या संघातलं. तिथल्या व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं, की गिटार बनवायचा हक्क फक्त आमचा, हे कपाटं करणारे लोक कोण? भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी 1833 मध्ये मार्टिनसाहेब वैतागून न्यूयॉर्कला गेले आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थायिक झाले. कंपनी आजही तिथेच आहे. वरच्या फळीच्या आतून इंग्रजी एक्ससारख्या पट्ट्या लावायची पद्धत त्यांच्या कारखान्यात रुजली, आणि पुढे धातूच्या तारांचा ताण सोसायला तीच उपयोगी पडली. 1916 मध्ये बॉस्टनच्या ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी त्यांनी एक मोठ्या पोटाची गिटार बनवली आणि तिला एका ब्रिटिश युद्धनौकेचं नाव दिलं, ड्रेडनॉट. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक गिटार त्याच आकाराच्या असतात. माझीसुद्धा.

या कंपनीच्या भारी गिटारची पाठ असायची ब्राझीलच्या रोझवुडची. पण साठच्या दशकाच्या शेवटी ब्राझीलने कच्चे ओंडके देशाबाहेर पाठवण्यावर बंधनं आणली. मनासारखं लाकूड मिळेना. शेवटी 1969 मध्ये मार्टिन कंपनीने आपल्या नेहमीच्या गिटारसाठी लाकूडच बदललं आणि भारतीय रोझवुड वापरायला सुरुवात केली. हा निर्णय किती अवघड असेल विचार करा! गिऱ्हाईक ज्या आवाजासाठी पैसे मोजतं, त्यातला एक मुख्य भाग बदलायचा. आपल्याकडे प्रॉडक्शनमध्ये डेटाबेस बदलताना जसा पोटात गोळा येतो तसंच काहीसं. गंमत म्हणजे जग बुडालं नाही. भारतीय रोझवुडच्या त्या गिटारवर पुढच्या पिढ्या वाढल्या. ब्राझीलच्या झाडाचा व्यापार 1992 मध्ये जवळपास बंदच झाला, आणि आज 1969 च्या आधीच्या गिटार भलत्याच किमतीला विकल्या जातात.

तर हे 'भारतीय रोझवुड' म्हणजे काय, तर आपलं शिसव! सह्याद्रीच्या जंगलांतलं, केरळ-कर्नाटकापासून आपल्या कोकणापर्यंत वाढणारं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत याच लाकडाचं कोरीव फर्निचर बनायचं आणि ते 'बॉम्बे ब्लॅकवुड' नावाने साहेबांच्या घरी जायचं.

हे वाचलं आणि उत्साहाने बाबांना फोन लावला. म्हटलं, "बाबा, तुम्हाला माहितीये का, ती अमेरिकन गिटार शिसवी लाकडाची असते."

बाबा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "अरे, आपल्या आजोबांचा पलंग शिसवीच होता की. चार माणसं लागायची उचलायला."

"मग कुठे गेला?"

"पुण्याला फ्लॅट घेतला तेव्हा जिन्यातून वर जाईना. जुन्या बाजारवाल्याला दिला. त्या पैशांत प्लायचा बॉक्सबेड आला. आत गाद्या ठेवता येत होत्या ना!"

तो बॉक्सबेड मला चांगला आठवतो. मी सातवीत असताना त्याला वाळवी लागली आणि तो भंगारात गेला. बाबांच्या आवाजात मात्र तक्रार नव्हती. तेव्हा गरज होती गाद्या ठेवायची, त्यांनी ती भागवली. पण फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "तुझी आहे ती गिटार वाजते ना रे?"

हा प्रश्न दिवसभर डोक्यात फिरत राहिला.

त्याच 1969 सालातली दुसरी गोष्ट सांगतो. टेक्सासमध्ये विली नेल्सन या गायकाच्या बाल्डविन गिटारवर एका दारुड्याने पाय दिला. गिटार नॅशव्हिलला शॉट जॅक्सन नावाच्या कारागिराकडे गेली. तो म्हणाला ही काही वाचत नाही, पण माझ्याकडे एक मार्टिन आहे, नायलॉनच्या तारांची, साडेसातशे डॉलर. नेल्सनने न बघताच घेतली. मोडक्या गिटारमधला पिकअप काढून हिच्यात बसवला आणि तिचं नाव ठेवलं ट्रिगर, सिनेमातल्या रॉय रॉजर्सच्या घोड्याचं. पुढे घराला आग लागली तेव्हा तो आत शिरून हिला बाहेर घेऊन आला. ती मुळात बोटांनी वाजवायची गिटार, त्यामुळे वर संरक्षक पट्टी नाही. हा पठ्ठ्या प्लेक्ट्रमने वाजवत राहिला आणि घासून घासून वरच्या फळीला चक्क भोक पडलं! अर्धशतक उलटलं तरी त्याने ती बदलली नाही. ऑस्टिनचा एक कारागीर तिची डागडुजी करत आला.

म्हणजे एकाच वर्षी कंपनी लाकूड बदलतेय आणि माणूस आयुष्यभर न बदलायची गिटार घेतोय. दोघंही बरोबर. कंपनीपुढे दुसरा मार्ग नव्हता. आणि नेल्सननेही आधीची गिटार सोडली ती दुरुस्त होईना म्हणूनच. माझं काय? माझी गिटार मोडलेली नाही, मला फक्त दुसरी आवडलीय.

राहिला आवाजाचा मुद्दा. पाठीच्या लाकडाने खरंच किती फरक पडतो? स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने 1862 मध्येच पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली होती, आवाज मुख्यतः वरच्या फळीचा असतो हे दाखवायला. आणि 2018 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फक्त पाठ-बाजूचं लाकूड वेगळं, बाकी शक्य तितक्या सारख्या सहा गिटार. 52 वादकांना वेल्डिंगचे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या. ब्राझीलचं महागडं रोझवुड, आपलं शिसव, महोगनी, सगळ्यांना जवळपास सारखेच मार्क!

वाचून विश्वास बसेना, म्हणून पुढच्या रविवारी माझी गिटार घेऊन पुन्हा दुकानात. काकांना म्हटलं, मी पाठ करून बसतो, तुम्ही दोन्ही आलटून-पालटून वाजवा. दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखलं. म्हटलं बघा, फरक आहे! काका हसले. "अहो, तुमच्या तारा वर्षभर जुन्या आहेत." आधी घेतलेला सेट अजून पिशवीतच होता. तिथेच तारा बदलल्या आणि पुन्हा बसलो. दहापैकी पाच. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. (दहा म्हणजे काही मोठं सॅम्पल नाही, मान्य. पण पंच्याऐंशी हजारांसाठी मला तेवढं पुरलं.)

नवी गिटार हाताला सोपी मात्र नक्की वाटली. त्याचं कारण तारांची उंची. काकांनी स्वतःच एका दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला, स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडून. त्याने ट्रस रॉड पिळून मान सरळ केली, सॅडल घासून खाली घेतलं, दोन झिजलेले फ्रेट नीट केले. बावीसशे रुपये. आता एफ कॉर्ड लोण्यासारखी लागते.

सुखी झालो का? खरं सांगायचं तर पूर्ण नाही. ती शिसवी पाठ, तिच्यावरच्या जांभळट-काळ्या रेषा अजून डोळ्यासमोर येतात. कधीतरी घेईनही. पण घेईन तेव्हा ही एक्स्चेंजमध्ये जाणार नाही, एवढं ठरलंय.

परवा बाबा राहायला आले होते. गिटार मांडीवर घेतली, उलटी केली आणि पाठीवर टकटक करून म्हणाले, "हं, महोगनी. शिसव नाही ही." मग कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली, भिंतीपासून जरा लांब. पावसात भिंतीला ओल येते म्हणून.